नवव्या इनिंगमधली वैजू

वैजू,

त्या शनिवारी दुबईहून परत येताना गाडीत तू मला विचारलं होतंस, "माझी एकसुद्धा मॅच तुम्ही पाहिली नाही, नाही का हो?" मी म्हणालो, "कुठे जमलं? लग्नाआधी तू अमरावतीला, मी पुण्यात." तू नुसतं "हं" म्हणालीस आणि खिडकीबाहेर बघायला लागलीस. आपल्या घराकडे वळणारा मुसफ्फाचा एक्झिट येईपर्यंत तू तशीच बाहेर बघत राहिलीस.

माझं ते उत्तर खोटं होतं. तुला जाऊन आज एकवीस दिवस झाले, आणि रोज सकाळी डोळे उघडले की सगळ्यात आधी मला ते खोटं आठवतं. म्हणून हे लिहायला बसलोय. मी काही लिहिणारा माणूस नाही. परचेस डिपार्टमेंटमध्ये जन्म काढलेला माणूस फार तर सप्लायरला स्मरणपत्र लिहितो, आणि त्यातही आपली ईशा चुका काढते. पण बोलायला तू नाहीस, आणि दुसऱ्या कोणाशी हे बोलायचं नाही. खरं उत्तर देतोच. पण आधी त्या दिवसाबद्दल सांगू दे, कारण त्या दिवशी मी जे पाहिलं तेही तुला धड सांगितलेलं नाही.

मुळात त्या मॅचला जायचं कोणाला होतं? ऑफिसात एका सप्लायरने चार पास आणून दिले. बेसबॉल! दुबईत! अमेरिकेतून, जपानमधून, कुठूनकुठून आणलेले पगारी खेळाडू, आणि प्रेक्षक म्हणून आमच्यासारखे क्रिकेटवाले. आपल्या खालच्या मजल्यावरचे नासिरभाई, रत्नागिरीचे, आमच्याच कंपनीच्या स्टोअरमध्ये. ते म्हणाले, "भाई, फुकटचा पास आहे, पण बेसबॉल म्हणजे आपला विटीदांडू. पेट्रोल जाळून कोण जाईल?" मी पास कोणाला तरी देऊनच टाकणार होतो. तू स्वयंपाकघरातून, कणकेच्या हातांनी बाहेर आलीस आणि म्हणालीस, "मी येणार." विचारलं नाहीस, सांगितलंस. चोवीस वर्षांच्या संसारात अशा आवाजात तू किती वेळा बोलली असशील, मोजायला एका हाताची बोटं पुरतील.

ईशा कानातले इअरफोन काढून म्हणाली, "आई, सिन्स व्हेन डू यू लाइक बेसबॉल?" तू म्हणालीस, "सॉफ्टबॉल खेळायची मी. कॉलेजात. कॅचर होते." ईशाने माझ्याकडे पाहिलं. सतरा वर्षांच्या मुलीला आपली आई कॅचर होती हे ठाऊक नव्हतं. ठाऊक कसं असणार? या घरात तो विषय निघाला की मी एकच विनोद करायचो: सॉफ्टबॉल म्हणजे ज्यांना क्रिकेटच्या टीममध्ये घेत नाहीत त्यांची सोय. तू हसायचीस. दहाव्यांदा केला तेव्हाही हसलीस. नंतर तू त्या खेळाचं नावच घरात काढायचं सोडलंस, आणि मला ते जाणवलंही नाही.

ट्रॅफिकमुळे आपण पोचलो तेव्हा तिसरी इनिंग चालू होती. वाळूच्या मधोमध ते हिरवं मैदान, चार कोपऱ्यांत उंच दिवे, आणि मधली ती तांबडी माती. तू पायऱ्या चढून वर आलीस आणि थांबलीस. मागून लोक येत होते, मी म्हणालो, "अगं, पुढे चल." तू हलली नाहीस. म्हणालीस, "किती सारखी केली आहे हो माती." लोक खेळाडू बघतात, दिवे बघतात. तुला माती दिसली. तुमच्या मैदानावर मॅचआधी पोरींनी स्वतः दगड वेचून काढायचे, हे मला तेव्हा कुठे माहीत होतं?

पहिला अर्धा तास मी आणि नासिरभाईंनी शहाणपणा पाजळण्यात घालवला. चेंडू मागे उडाला की आम्ही "चौका!" म्हणून ओरडायचो आणि आजूबाजूचे गोरे आमच्याकडे बघायचे. तू पुढे झुकून, कोपरं गुडघ्यांवर टेकून बसली होतीस आणि तुझी नजर चेंडू मारणाऱ्याकडे नव्हतीच. तू त्याच्या मागे उकिडवा बसलेल्या, तोंडावर जाळी बांधलेल्या कॅचरकडे बघत होतीस. मग हळूच पुटपुटायला लागलीस. "आता बाहेरचा." आणि चेंडू बाहेर पडायचा. "आता खाली." आणि चेंडू खाली. ईशाने चार-पाचदा ऐकलं आणि मोबाइल पालथा ठेवला. "आई, हाऊ आर यू डूइंग दिस?" तू म्हणालीस, "मी नाही करत बाई, तो करतोय. तो बोटांनी सांगतो, पिचर टाकतो. लोक समजतात की पिचर मॅच खेळतो."

पांढऱ्या कपड्यांतली यजमान टीम, राखाडी कपड्यांतली पाहुणी. मैदान दोघांचंही नव्हतं म्हणा, सगळेच बाहेरून आलेले. पण फळ्यावर कोणीतरी यजमान आणि कोणीतरी पाहुणा लागतो. पाहुणे एका रनने मागे होते, चार-तीन. नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगमध्ये पाहुण्यांची बॅटिंग आली, दोघे बेसवर गेले, आणि एका दणकट माणसाने चेंडू पार कोपऱ्यात मारला. दोघेही पूर्ण फेरा मारून धावत घरी, म्हणजे जिथून निघाले तिथे. पाच-चार! मी आणि नासिरभाई उभे राहून एकमेकांच्या गळ्यात पडलो. शेवटच्या इनिंगमध्ये मागे असलेली टीम पुढे गेली, म्हणजे टार्गेट चेस झालं, मॅच संपली! क्रिकेट पाहून पाहून डोक्यात हेच बसलेलं. उरलेले आऊट झाल्यावर दोन्ही टीम जागा बदलायला लागल्या, तेव्हा ते सगळे हात मिळवायला मैदानात आलेत असंच आम्हाला वाटलं.

नासिरभाई म्हणाले, "यल्ला भाई, खलास! आत्ता निघालो तर पार्किंगमधून सुटू, नायतर तासभर अडकलो." मी गाडीची किल्ली काढली, तुझी पर्स उचलली, आणि तुला म्हणालो, "चल वैजू."

तू वर बघितलंस. रागावली नव्हतीस, चकित झाली होतीस. आणि माहेरची बोली तुझ्या तोंडात आली, जी तू माझ्यासमोर फारशी बोलत नसायचीस, कारण तिच्यावरही माझे विनोद होते.

"कायले चालले? बसा ना गुमान. मॅच कुठं संपली?"

"अगं, पुढे गेले की ते."

"पाहुणे आधी खेळतात. शेवटची पाळी घरच्यांची राहते. पाहुण्यांनी कितीबी मारलं तरी त्यांना मैदानात उभं राहूनच जिंकावं लागतं." मग नासिरभाईंकडे वळून म्हणालीस, "भाई, बसा. आता तर खेळ सुरू झाला."

नासिरभाई बसले. म्हणाले, "सॉरी भाभी." मीही बसलो, तुझी पर्स मांडीवर घेऊन. हसू नकोस. माझ्याइतका बावळट माणूस त्या दिवशी त्या मैदानात दुसरा नसेल.

आणि मग ती शेवटची पाळी. पहिला यजमान चेंडूला बॅटसुद्धा न लावता परतला. दुसऱ्याने मारला आणि पहिल्या बेसवर पोचला. तिसरा आला तो एवढा धिप्पाड, की नासिरभाई म्हणाले, "हा तर छक्काच ठोकणार." तू म्हणालीस, "नाही. हा हळूच टेकवणार. स्वतः मरून त्याला पुढे पाठवणार." आणि त्या पहिलवानाने खरोखरच बॅट आडवी धरून चेंडू पायाशी टेकवला. तो आऊट, पण धावणारा दुसऱ्या बेसवर. नासिरभाईंनी कपाळाला हात लावला. "भाभी, तुम्हाला कोणी सांगितलं?" तू म्हणालीस, "कोणाले सांगावं लागत नाही. मी असती तर हेच करवलं असतं."

दोघे आऊट. आणखी एक आऊट झाला की पाहुणे जिंकले. तो धावणारा घरी पोचला की बरोबरी. तेव्हा तू उठलीस. मला वाटलं तुला नीट दिसत नाही. तू दोन रांगांच्या मधल्या पायरीवर गेलीस आणि उकिडवी बसलीस. टाचा उचलून, गुडघे फाकवून, डावा हात पुढे. वैजू, दोन वर्षांपासून तुझे गुडघे दुखत होते. गणपतीत तुला खाली पाटावर बसता येईना म्हणून मी खुर्ची आणून दिली होती. आणि आता सलवार-कमीज घातलेली अठ्ठेचाळीस वर्षांची तू, सिमेंटच्या पायरीवर, अशी बसली होतीस की जणू ती तुझी रोजची जागा. मी "अगं, गुडघे" म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"उजवीकडचा पुढे सरकला, पाहा," तू कोणालाच उद्देशून म्हणालीस. "सिंगल येणार. थ्रो घरी येणार. थोडा डावीकडे पडंल."

चेंडू आला, बॅटवर बसला, जमिनीवरून उजवीकडे गेला. धावणारा तिसरा बेस ओलांडून सुसाट घराकडे. उजवीकडच्या पोराने चेंडू उचलून फेकला. त्या लांबच लांब फेकीत मी चेंडूकडे बघत नव्हतो, तुझ्याकडे बघत होतो. तुझा डावा हात डावीकडे सरकला. आधी तुझा हात सरकला, आणि मग खाली मैदानावर, जाळीच्या आडच्या त्या माणसाचा हात तसाच, तिकडेच सरकला. त्याने चेंडू घेतला, वळला, घसरत येणाऱ्याच्या पायावर टेकवला. धूळ उडाली. तू पायरीवर तसाच हात टेकवला होतास. पंचाने मूठ वर केली.

पाहुणे जिंकले. लोक ओरडत होते, नासिरभाई शिट्ट्या मारत होते, ईशा तुझ्या गळ्यात पडून "आई! आई! ओ माय गॉड, आई!" करत होती. तुझे डोळे भरलेले, चेहरा लाल, आणि तू हसत होतीस. मी माझ्या जागेवर बसून होतो. आयुष्यात मोठमोठे खेळाडू टीव्हीवर पाहिले, शारजाच्या स्टेडियममध्ये उन्हात बसून पाहिले. अंगावर असा काटा कधी आला नव्हता. ज्या बाईने चोवीस वर्षं माझा डबा भरला, तिच्याकडे मी असा बघत होतो की हिची माझी ओळख कोणी करून देईल का. आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटली. ती भीती माझ्या ओळखीची होती.

आता ते उत्तर.

आपलं लग्न ठरलं होतं, वीस दिवसांवर आलं होतं. तुमची टीम राज्य स्पर्धेच्या फायनलला पुण्यात आली. तू फोन केलास, "या ना. शेवटची मॅच आहे माझी." मी संध्याकाळी सांगितलं की साहेबांनी सोडलं नाही. साहेबांनी सोडलं होतं, वैजू. अर्धी रजा टाकून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, मी स्कूटरवरून आलो होतो. मैदानाच्या पार टोकाला, तारेच्या कुंपणापलीकडे, उसाच्या रसाच्या गाडीपाशी उभा राहिलो. आत यायला लाजलो. सगळ्या पोरी, त्यात होणारा नवरा.

मी तुला एकदाच पाहिलं होतं, पोह्यांची बशी हातात आणि नजर जमिनीकडे. आणि इथे जाळी डोक्यावर सरकवून, मातीने माखलेल्या तोंडाने, तू मैदानभर हुकूम सोडत होतीस. तू बोट दाखवशील तिकडे पोरी सरकत होत्या. मग एक उंच मुलगी घराकडे धावत आली. तू तिच्या वाटेत बसलीस. ती येऊन आदळली, तुम्ही दोघी गडगडत गेलात. तू उठलीस तेव्हा हनुवटीतून रक्त येत होतं, चेंडू हातात वर धरला होतास, आणि तू हसत होतीस. मोठ्याने. त्यापुढे मला थांबवलं नाही. पाचव्या इनिंगला मी स्कूटर काढली.

घाबरलो होतो ग. या मुलीला माझी काय गरज, असं वाटलं. ही मला कधीतरी पुरती बघेल आणि हिला कळेल. त्यानंतर आठवड्याभरात तुझं ते पत्र आलं, खेळाडूंच्या कोट्यातल्या सरकारी नोकरीचं. मी म्हणालो, माझं गल्फचं नक्की होतंय, तिकडे जायचंच आहे, कशाला अडकतेस? गल्फचं तेव्हा काहीच नक्की नव्हतं. मी नक्की करून घेतलं. पुढे आपली या एका विषयावर किती भांडणं झाली! तुझ्या व्हिसावर "हाऊसवाइफ" असं लिहून आलं तेव्हा झालं, ईशा शाळेत जायला लागली तेव्हा झालं. प्रत्येक वेळी मी म्हणायचो, परिस्थितीच तशी होती. परिस्थिती वगैरे काही नव्हती, मीच होतो. सगळ्या भांडणांत मी जिंकलो, कारण खरी गोष्ट फक्त मला माहीत होती.

म्हणजे मला तसं वाटत होतं.

तू पुढचे चार महिने जे केलंस ते मला आजही खरं वाटत नाही. दुबईच्या मॅचनंतरच्या शनिवारी सकाळी तू ईशाला आणि बिल्डिंगमधल्या मुलींना घेऊन मागच्या मोकळ्या वाळूत उतरलीस. आधी सहा जणी, मग अकरा. मल्याळी, पाकिस्तानी, इजिप्शियन, एक आपली कोल्हापूरची. हातमोजे आले, चार गोण्या कापून बेस झाले. तू वऱ्हाडीत ओरडायचीस आणि त्या सगळ्यांना बरोबर कळायचं. नासिरभाईंची नात घरी जाऊन "गुमान बस" म्हणायला लागली. मी दर शनिवारी तुम्हाला सामान पोचवायचो आणि गाडीतच बसून राहायचो, एसी लावून. तू एकदा येऊन काचेवर टकटक केलंस, "उतरा ना." मी म्हणालो, ऊन फार आहे. आठ वाजता कसलं ऊन, वैजू!

आणि मग तो मंगळवार, हॉस्पिटल, दोन दिवस. त्याबद्दल लिहीत नाही. तुझ्या डोक्यात कुठेतरी एक शीर फुटली, एवढंच डॉक्टर सांगत राहिले आणि मी मान हलवत राहिलो.

तुला अमरावतीला नेलं. तेराव्याला दुपारी तुझ्या माहेरच्या अंगणात काही बायका येऊन उभ्या राहिल्या. पन्नाशीच्या आसपासच्या, कोणी जाड, कोणी चष्मा लावलेली, एक काठी घेतलेली. मी मोजल्या. आठ होत्या. कोणी ओळख करून द्यायची गरजच पडली नाही. तुझ्या फोटोसमोर त्या ओळीत उभ्या राहिल्या, आणि नववी कुठे उभी राहायची ती जागा त्यांनी मोकळी सोडली.

पुढे आली ती कुंदा, तुमची पिचर, आता शाळेत पीटी शिकवते. तिला बाजूला घेऊन मी विचारलं. चोवीस वर्षं तुला विचारायचा धीर झाला नव्हता, त्या मॅचचा विषय निघाला की तोंडातून खरं निसटेल असं वाटायचं. म्हटलं, "पुण्याची ती फायनल. कोण जिंकलं हो?"

"आपण जिंकलो ना, भाऊजी! दोन रननं." मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमी आलते ना तेव्हा?"

मी तुझ्या फोटोकडे बघितलं.

"वैजूनं पायलं होतं तुमाले. रसाच्या गाडीपाशी. पांढरा शर्ट. अहो, आमची आठ जणींची तोंडं तिच्याकडे राहत, तिचं एकटीचं तोंड मैदानाकडे. कुंपणाबाहेर कुत्रं आलं तरी तिले आधी दिसे." तिने पदराने डोळे पुसले. "तुमी निघाले तेपण तिनं पायलं. रात्री जेवताना आमाले म्हणे, हा माणूस लाजते. आला अन् गेला. पण आला होता, पोरींनो. सांगन तो कधीतरी."

तू वाट बघितलीस. पत्र फाडलंस तेव्हा, विमानात बसलीस तेव्हा, प्रत्येक भांडणात मी परिस्थिती सांगत होतो तेव्हा. मला पकडायला तुला एक वाक्य पुरलं असतं आणि तू ते कधी वापरलं नाहीस. शेवटी त्या शनिवारी गाडीत आपणहून विचारलंस, माझ्या तोंडाजवळ आणून ठेवलंस, मी फक्त "पाहिली" म्हणायचं होतं. आणि मी पुणे आणि अमरावतीतलं अंतर सांगत बसलो.

वैजू, मी आलो होतो. पाचव्या इनिंगपर्यंत होतो. तुझ्याइतकं सुंदर खेळताना मी कधी कोणाला पाहिलं नाही.